परवाना एकदा, पहारा रोज

एस.टी.च्या फलाटावर उभा असलेला उतारू गाडीत चढण्यापूर्वी नकळत बऱ्याच गोष्टी पाहून घेतो. टायर गुळगुळीत झाले आहेत काय, काच फुटलेली आहे काय, चालकाचे डोळे तांबारलेले आहेत काय. मनाला पटले नाही तर तो पुढच्या गाडीची वाट पाहतो. विमानाच्या प्रवाशाला यातले काहीच करता येत नाही. वैमानिकाचा चेहरा त्याला दिसत नाही, फक्त आवाज ऐकू येतो. इंजिन कधी उघडून पाहिले, कोणी पाहिले, काल रात्री वैमानिकाला किती तास झोप मिळाली, याचा त्याला पत्ता नसतो. तरीही तो पट्टा बांधून, लेकराला मांडीशी घेऊन निर्धास्त बसतो. एवढा विश्वास कोणाच्या भरवशावर?

उत्तर असे, की आपल्या वतीने कोणीतरी हे सारे पाहून ठेवले आहे. आपल्या देशात या 'कोणीतरी'चे नाव नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजेच डीजीसीए. एखादी कंपनी विमाने उडवण्यास लायक आहे की नाही हे ठरवणे आणि ठरवून झाल्यावर ती लायक राहिली आहे की नाही यावर लक्ष ठेवणे, ही दोन कामे त्याच्याकडे. पहिल्या कामाचा गाजावाजा होतो. दुसरे काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. आजच्या लेखात मला सांगायचे आहे ते या दुसऱ्या कामाविषयी. मी विमानशास्त्रातला जाणकार नाही. तिकीट काढून खिडकीची जागा मागणाऱ्यांपैकीच एक आहे. पण गेल्या काही वर्षांतले चौकशी अहवाल, संसदीय समितीचे निष्कर्ष आणि महासंचालनालयाचे आदेश यांचा माग काढत गेलो, तेव्हा एक प्रश्न पुनःपुन्हा समोर उभा राहिला. पहारेकऱ्यावर पहारा कोणाचा?

परवाना मिळतो कसा?

प्रथम पद्धत समजून घेऊ. विमाने विकत किंवा भाड्याने घेतली, तिकिटे छापली आणि उडालो, असे होत नाही. जगभर यासाठी एकच चौकट आहे. दुसरे महायुद्ध संपत आले असताना, ७ डिसेंबर १९४४ रोजी, शिकागो येथे नागरी विमान वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यातून 'इकाओ' ही संघटना जन्माला आली. करार सांगतो तो असा, की प्रत्येक देशाने आपल्या कंपन्यांची जबाबदारी स्वतः घ्यावी आणि इतर देशांनी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा. म्हणजे भारताने एखाद्या कंपनीला दिलेल्या प्रमाणपत्रावर लंडनचा आणि सिंगापूरचा विमानतळ विसंबून राहतो. घराण्याच्या अब्रूसारखीच ही गोष्ट. एकाने शब्द मोडला तर साऱ्या घराकडे बोट दाखवले जाते.

विमान कंपनीच्या या प्रमाणपत्राला 'एअर ऑपरेटर सर्टिफिकेट' म्हणतात. ते मिळण्याचे पाच टप्पे आहेत. अर्जापूर्वीची बोलणी, रीतसर अर्ज, कागदपत्रांची छाननी, प्रत्यक्ष तपासणी व प्रात्यक्षिक, आणि शेवटी प्रमाणपत्र. कागदपत्रांची छाननी हा शब्द ऐकून तहसील कचेरी आठवेल, पण प्रकरण त्याहून खोल आहे. कंपनीने आपले सारे वागणे लिहून द्यायचे असते. वैमानिकाला कसे शिकवणार, धुक्यात काय करणार, इंधन किती भरणार, विमानातला कोणता भाग बिघडला तर किती दिवसांत दुरुस्त करणार, हे सगळे. वाचण्याचा दिवा बिघडला तरी विमान उडू शकते. काही उपकरणे बिघडली तर ठरावीक अटींवर तीन दिवस, काही बिघडली तर दहा दिवस उडता येते. काही मात्र बिघडली तर जागचे हलायचे नाही. याची यादी आधीच मंजूर करून घ्यावी लागते, म्हणजे मध्यरात्री विमानतळावर 'चालतंय हो, जाऊ द्या' असे म्हणायला जागा राहत नाही.

शिवाय नावानिशी माणसे द्यावी लागतात. उड्डाणांचा प्रमुख कोण, देखभालीचा कोण, प्रशिक्षणाचा कोण, सुरक्षेचा कोण, आणि या सर्वांवर पैसा व अधिकार हाती असलेला एक 'अकाउंटेबल मॅनेजर' कोण. उद्या काही चुकले तर 'ते माझ्या खात्यात येत नाही' असे म्हणण्याची सोय त्याला ठेवलेली नाही. हे झाल्यावर प्रवासी न घेता विमान उडवून दाखवायचे. आत महासंचालनालयाचे निरीक्षक बसतात आणि मुद्दाम अडचणीचे प्रसंग घालतात. मुंबईच्या 'आकासा एअर'ला हे प्रमाणपत्र ७ जुलै २०२२ रोजी मिळाले आणि बरोबर महिन्याने, ७ ऑगस्टला, तिचे पहिले विमान मुंबईहून अहमदाबादला गेले. पहिल्या उड्डाणाचे फोटो सगळ्यांनी पाहिले. त्याआधीच्या चाचण्यांचे फोटो कोणी काढले नाहीत.

इथपर्यंत आपली व्यवस्था जगातल्या कोणत्याही देशाच्या पंक्तीला बसू शकते. गोम पुढे आहे. लग्नाच्या दिवशी सगळेच जावई गुणी असतात. संसार सुरू झाल्यावर खरी परीक्षा.

वाढ आणि पहारा

प्रमाणपत्र मिळाले त्या दिवशीची कंपनी आणि दोन वर्षांनंतरची कंपनी या दोन वेगळ्या वस्तू असतात, हे जगाला कळले ते अमेरिकेतल्या एका अपघाताने. 'व्हॅल्यूजेट' नावाची स्वस्त तिकिटांची कंपनी ऑक्टोबर १९९३ मध्ये दोन जुनी विमाने घेऊन सुरू झाली आणि अडीच वर्षांत पन्नासाच्या आसपास विमानांपर्यंत पोहोचली. देखभाल बाहेरच्या कंत्राटदारांकडे. ११ मे १९९६ रोजी तिचे विमान फ्लोरिडाच्या दलदलीत कोसळले आणि आतले ११० जण मेले. सामानाच्या कप्प्यात प्राणवायू तयार करणारे जुने डबे होते. त्यांवर सुरक्षेची टोपणे न लावताच कंत्राटदाराने ते पाठवले होते, आणि त्यांनीच आग लावली.

चौकशी मंडळाने तिघांना दोषी धरले. निष्काळजी कंत्राटदार, त्याच्यावर लक्ष न ठेवणारी कंपनी, आणि सामानाच्या कप्प्यात धूर ओळखणारी व आग विझवणारी यंत्रणा सक्तीची न करणारे सरकारी खाते. त्याहून बोचणारी गोष्ट अशी, की अपघाताच्या तीन महिने आधी, फेब्रुवारी १९९६ मध्ये, याच खात्यातल्या अधिकाऱ्यांनी एका टिपणात सुचवले होते, की या कंपनीची प्रमाणपत्रासाठी नव्याने तपासणी करावी. टिपण फायलीतच राहिले. अपघातानंतर वाहतूकमंत्र्यांनी कंपनी सुरक्षित असल्याची ग्वाही दिली आणि महिना-सव्वा महिन्यात, १७ जूनला, त्याच कंपनीची विमाने जमिनीवर उतरवावी लागली. बैल गेला आणि झोपा केला, तो असा.

त्यानंतर अमेरिकेच्या संसदेने एक फार महत्त्वाची दुरुस्ती केली. तोवर तिथल्या विमान खात्यावर दोन कामे होती, सुरक्षा राखणे आणि विमान व्यवसायाला उत्तेजन देणे. यातले उत्तेजनाचे काम काढून घेण्यात आले. कारण साधे आहे. दुकानाची भरभराट व्हावी म्हणून झटणाऱ्याच्याच हाती त्या दुकानाची वजनमापे तपासण्याचे काम दिले, तर त्याचा हात कधी ना कधी आखडणारच.

एवढे करूनही तिथले दुखणे कायमचे गेले नाही. २००८ मध्ये उघड झाले, की साउथवेस्ट या मोठ्या कंपनीची ४६ विमाने, पत्र्याला भेगा पडल्या आहेत का याची सक्तीची तपासणी न करता हजारो फेऱ्या करत राहिली होती. खात्यातल्या निरीक्षकांना ते ठाऊक होते आणि वरच्या साहेबाची कंपनीशी घसट होती. पुढे बोइंग ७३७ मॅक्सची दोन विमाने २०१८ आणि २०१९ मध्ये पडून ३४६ माणसे गेली, तेव्हा तपासणीचे बरेचसे काम खात्याने कंपनीच्याच माणसांवर सोपवले होते, हेही बाहेर आले. पहारेकरी आणि घरमालक यांची रोजची उठबस असली की कुलूप ओढून पाहण्याचा संकोच वाटू लागतो. ही माणसाच्या स्वभावातली गोष्ट आहे. तिला देश नसतो.

आपल्या अंगणात

आता आपल्याकडे वळू. १९५३ च्या कायद्याने आपल्याकडे विमान वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले. तो कायदा १९९४ मध्ये रद्द झाला आणि खासगी कंपन्यांना आकाश अधिकृतपणे मोकळे झाले. ईस्ट वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त, सहारा, जेट ही नावे त्या काळी मुंबईकरांच्या तोंडी होती. त्यांतल्या बहुतेक कंपन्या ते शतक संपेपर्यंतही टिकल्या नाहीत.

त्याआधी सगळेच सरकारचे होते, म्हणून सगळे आलबेल होते असेही नाही. २६ एप्रिल १९९३ चा औरंगाबादचा अपघात मराठवाड्यातले लोक विसरलेले नाहीत. इंडियन एअरलाइन्सचे विमान धावपट्टी संपता संपता उचलले गेले आणि पलीकडच्या बीड रस्त्यावरून कापसाच्या गाठी घेऊन जाणाऱ्या ट्रकला धडकले. ५५ माणसे गेली. चौकशीत वैमानिकाची चूक निघाली, पण त्याबरोबर हेही निघाले, की विमानांच्या वेळेत त्या रस्त्यावरची रहदारी थांबवण्याची जबाबदारी विमानतळ प्राधिकरणाने पार पाडली नव्हती. विमान सरकारचे, विमानतळ सरकारचा, तपासणारे खातेही सरकारचे. एकाच घरातल्या तिघांपैकी कोणी कोणाला जाब विचारायचा?

खासगीकरणानंतर घर तेच राहिले, भाडेकरू मात्र वाढले. आणि पहारेकऱ्याची परीक्षा बाहेरच्यांनी घेतली तेव्हा निकाल काय लागला? ३१ जानेवारी २०१४ रोजी अमेरिकेने भारताला दुसऱ्या श्रेणीत टाकले. हा निर्णय आपल्या विमान कंपन्यांविरुद्ध नव्हता, हे लक्षात घेतले पाहिजे. अमेरिकेची ही तपासणी कंपनीची नसते, त्या देशाच्या देखरेख यंत्रणेची असते. निष्कर्ष असा होता, की उड्डाणांची तपासणी करू शकतील असे पुरेसे प्रशिक्षित निरीक्षकच महासंचालनालयाकडे नाहीत. परिणाम म्हणून एअर इंडिया आणि जेट यांना अमेरिकेत नव्या फेऱ्या सुरू करता येईनात. सव्वा वर्ष धावपळ करून, निरीक्षक नेमून, एप्रिल २०१५ मध्ये पहिली श्रेणी परत मिळवली. पुढे २०२२ मध्ये 'इकाओ'च्या तपासणीत भारताला ८५.६५ टक्के गुण मिळाले आणि जगात ४८ वा क्रमांक लागला. त्याआधी तो शंभराच्याही खाली होता. ही प्रगती खरी आहे आणि ती करणाऱ्या अधिकाऱ्यांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. जुलै २००० मधला पाटण्याचा अपघात आणि मे २०१० मधला मंगळूरचा, यांच्यामध्ये जवळजवळ दहा वर्षे आपल्या नियमित विमान कंपन्यांना मोठ्या अपघाताचा कलंक लागला नव्हता, हेही विसरता कामा नये.

पण गुण कागदावरच्या व्यवस्थेला मिळतात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने अहवाल दिला, त्यातला आकडा मी दोनदा वाचला. महासंचालनालयात मंजूर पदे १,०६३ आणि प्रत्यक्षात भरलेली ५५३. म्हणजे अर्धी खुर्ची रिकामी! शाळेत निम्मे शिक्षक नसतील तर पालक मोर्चा काढतील. इथे कोणाला पत्ताही नाही.

तपासणार कोण?

ही पदे रिकामी का राहतात, यामागचे गणित अवघड नाही. मोठ्या विमानाच्या वैमानिकाची तपासणी करायला तसेच विमान चालवलेला अनुभवी वैमानिक लागतो. तो माणूस कंपनीत गेला तर सरकारपेक्षा कितीतरी पट पगार मिळवतो. मग निरीक्षक कंत्राटावर घ्यावे लागतात किंवा कंपन्यांतूनच उसने आणावे लागतात. उद्या ज्यांच्याकडे नोकरीला परत जायचे आहे, त्यांच्याच चुका आज लाल शाईने लिहायच्या. अशा माणसाकडून निर्भयपणाची अपेक्षा करणे म्हणजे त्याच्यावर अन्याय, आणि न करणे म्हणजे प्रवाशांवर.

चोख तपासणी नसली की काय होते, याची उदाहरणे आपल्याच गाठीला आहेत. जानेवारी २०११ मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळावर एक विमान मुख्य चाकांऐवजी आधी पुढच्या चाकावर टेकले. त्या वैमानिकाची कागदपत्रे पाहू गेले तर परीक्षेची गुणपत्रिकाच बनावट निघाली. मग देशभरचे परवाने तपासण्याची मोहीम निघाली आणि आणखी काही नावे सापडली. म्हणजे दोष सापडला तो चाक चुकीचे टेकले म्हणून. कागद तपासणाऱ्या टेबलाला तो आधी दिसलाच नव्हता.

किंगफिशरचे उदाहरण दुसऱ्या प्रकारचे. पगार महिनोन् महिने थकले, अभियंते संपावर गेले आणि २० ऑक्टोबर २०१२ रोजी परवाना स्थगित झाला. यात पैशाचा आणि सुरक्षेचा संबंध काय, असे कोणी विचारील. विमान सुटण्यापूर्वी 'हे उडण्यास योग्य आहे' अशी सही ज्याने करायची, त्याच्या घरी मुलांची फी भरलेली नाही. ती सही करताना त्याचे चित्त थाऱ्यावर असेल काय? म्हणून कंपनीचा ताळेबंद तपासणे हेही सुरक्षेचेच काम ठरते.

अगदी अलीकडची गोष्ट. प्रत्येक विमानाच्या उड्डाणयोग्यतेचा दरवर्षी आढावा घेऊन तसे पत्र घ्यावे लागते. नोव्हेंबर २०२५ मध्ये एअर इंडियाचे एक एअरबस विमान, या पत्राची मुदत संपलेली असताना प्रवाशांना घेऊन आठ वेळा उडाले. आपल्याकडे पी.यू.सी. संपलेली स्कूटर चौकातला हवालदार अडवतो. इथे पावणेदोनशे माणसांचे विमान आठ वेळा कोणी अडवले नाही.

१२ जून २०२५ च्या अहमदाबादच्या अपघाताविषयी मला जपून लिहायचे आहे. विमानातल्या २४२ पैकी २४१ जण आणि जमिनीवरचे १९ जण, असे २६० जीव गेले. डोंबिवली, बदलापूर, पनवेलकडच्या घरांतली हवाई कर्मचारी मुले-मुली त्यांत होती. अपघाताचे कारण सांगणे हे तपास यंत्रणेचे काम, त्यात मी तोंड घालणार नाही. पण अपघातानंतर आठवडाभरात महासंचालनालयाने एअर इंडियाच्या तीन अधिकाऱ्यांना कर्मचाऱ्यांच्या पाळ्या लावण्याच्या कामावरून दूर करण्याचा आदेश दिला, कारण त्या कामात वारंवार गंभीर उल्लंघने झाली होती. दिल्ली-मुंबईच्या विमानतळांवर तपासणी झाली तेव्हा तेच तेच बिघाड पुनःपुन्हा उद्भवत असल्याचे आढळले. या गोष्टींचा अपघाताशी संबंध होता असे कोणी म्हटलेले नाही आणि मीही म्हणत नाही. माझा प्रश्न एवढाच, की 'वारंवार' हा शब्द आदेशात आला, तर पहिल्या वेळी काय केले होते?

नियम वाकला तो कोणासाठी?

सर्वांत मोठा धडा मात्र डिसेंबर २०२५ ने दिला, आणि त्यात कोणी मेले नाही म्हणून तो विसरला जाण्याचा धोका आहे. वैमानिकांच्या थकव्याचा प्रश्न जुना आहे. मंगळूरला १५८ जण गेले, त्या अपघाताच्या चौकशीत मुख्य वैमानिक उड्डाणात दीड तासाहून अधिक झोपला असल्याचे निघाले होते. अखेर जानेवारी २०२४ मध्ये महासंचालनालयाने विश्रांतीचे नवे नियम केले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास, आणि रात्रीच्या वेळी उतरण्यावर कडक मर्यादा. कंपन्यांनी कुरकुर केली, अंमलबजावणी लांबली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि शेवटी जुलै व नोव्हेंबर २०२५ असे दोन टप्पे ठरले. म्हणजे तयारीला जवळजवळ दोन वर्षे मिळाली.

देशातल्या दर शंभर प्रवाशांपैकी साठांहून अधिक जण ज्या इंडिगोने प्रवास करतात, तिच्याकडे नव्या नियमांना पुरतील एवढे वैमानिक त्या वेळापत्रकासाठी नव्हते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात डोलारा कोसळला. ३ ते ५ डिसेंबर या तीन दिवसांत अडीच हजारांहून अधिक उड्डाणे रद्द झाली आणि तीन लाखांवर माणसे अडकली. कोणाचे लग्न चुकले, कोणाची मुलाखत, कोणाचे शेवटचे दर्शन. ५ डिसेंबरला महासंचालनालयाने कंपनीला रात्रीच्या कामाच्या काही नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली.

सूट देणाऱ्यांची अडचण मला समजते. लाखो माणसे फलाटावर, म्हणजे विमानतळाच्या फरशीवर झोपलेली असताना नियमपुस्तक उघडून बसणे कोणत्याही सरकारला जड जाईल. पण अर्थ काय झाला, तो पाहा. नियम प्रवाशांच्या जिवासाठी केला. तो पाळण्याची तयारी कंपनीने केली नाही. आणि वेळ आली तेव्हा कंपनीऐवजी नियम वाकला. त्यातही गंमत अशी, की कंपनीकडे वैमानिक किती आहेत हे महासंचालनालयाला ठाऊक असते, आणि हिवाळ्याचे वाढीव वेळापत्रकही तेच मंजूर करते. दोन कागद शेजारी ठेवून बेरीज-वजाबाकी करणारा कोणी नव्हता काय? पुढे त्या कंपनीवर देखरेख करणाऱ्या चार निरीक्षकांना काढून टाकण्यात आले. पाटलाच्या घोड्याने शेत खाल्ले आणि शिक्षा राखणदाराच्या पोराला, अशातला हा प्रकार.

कंपनीलाही जानेवारी २०२६ मध्ये २२ कोटी २० लाख रुपयांचा दंड झाला. आकडा मोठा वाटतो. पण २०२४-२५ या वर्षात कंपनीचा नफा ७,२५८ कोटी रुपये होता. वाटणी केली तर दिवसाला साधारण २० कोटी. म्हणजे दंड झाला तो एका दिवसाच्या कमाईहून जरासा अधिक. एवढ्याने कोणाचे डोळे उघडतील?

इथे प्रश्न एका कंपनीचा राहत नाही. ती कंपनी कार्यक्षम आहे, वक्तशीर म्हणून तिचा लौकिक आहे, तिनेच मध्यमवर्गाला विमानात बसवले. पण एखादी कंपनी इतकी मोठी झाली की तिला थांबवणे म्हणजे देश थांबवणे, तर परवाना रद्द करण्याचा अधिकार कागदावरच उरतो. जे शस्त्र उगारताच येत नाही, त्याचा धाक कोणाला वाटणार?

काय व्हायला हवे?

उपाय मी शोधून काढायची गरज नाही, ते सांगून झाले आहेत. पहिला म्हणजे महासंचालनालयाला स्वायत्तता. २०१३ मध्ये स्वतंत्र नागरी विमान प्राधिकरणाचे विधेयक लोकसभेत आले आणि पुढच्या वर्षी लोकसभेबरोबरच बुडाले. २०२० मध्ये महासंचालनालयाला कायद्याचा आधार मिळाला आणि १ जानेवारी २०२५ पासून नवा भारतीय वायुयान अधिनियमही लागू झाला. पण खाते मंत्रालयाच्याच हाताखाली राहिले. ज्या मंत्रालयाने नव्या मार्गांची, नव्या विमानतळांची उद्घाटने करायची, त्याच्याच कनिष्ठाने 'थांबा, अजून तयारी नाही' असे म्हणायचे. संसदेच्या समितीने पूर्ण आर्थिक व प्रशासकीय स्वायत्ततेची शिफारस केली आहे. ब्रिटनमध्ये अशा संस्थेचा खर्च विमान कंपन्या व विमानतळांकडून घेतलेल्या शुल्कातून चालतो. त्यामुळे चांगल्या माणसाला चांगला पगार देता येतो, आणि त्यासाठी सरकारी वेतनश्रेणीकडे पाहत बसावे लागत नाही.

दुसरा उपाय, वाढीला वेसण. नवे विमान आले, नवा मार्ग मागितला, की वैमानिक, अभियंते आणि निरीक्षक यांची संख्या आधी मोजावी. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला. कोल्हापूर, नाशिक, जळगावची मंडळी विमानाने जाऊ लागली आहेत. हा आनंद आपल्या सर्वांचा आहे. पण धावपट्ट्या जितक्या वेगाने वाढतात तितक्या वेगाने त्यांवर नजर ठेवणारे डोळेही वाढले पाहिजेत.

तिसरा उपाय आपल्यासाठी, तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी. युरोपात २००६ पासून असुरक्षित ठरवलेल्या विमान कंपन्यांची यादी जाहीर केली जाते. कोणीही ती पाहू शकतो, आणि आपले तिकीट प्रत्यक्षात कोणाच्या विमानाचे आहे हे प्रवाशाला सांगावे लागते. आपल्याकडे तपासणीत काय आढळले, ते दुरुस्त झाले की नाही, हे बहुधा वर्तमानपत्रांत फुटते तेव्हाच कळते. प्रत्येक कंपनीच्या तपासणीचे निष्कर्ष, गंभीर किती, किरकोळ किती, किती दिवसांत निस्तरले, हे दर तीन महिन्यांनी साध्या भाषेत छापले तर कंपन्यांची बदनामी होईल, असे म्हणतात. होऊ दे की. तिकीट किती रुपयांनी स्वस्त हे आपण दहा ठिकाणी तपासून पाहतो. विमान किती वेळा तपासले गेले, हेही पाहता आले तर स्पर्धा त्याही बाबतीत होईल.

अपघात झाला की आपण हळहळतो, आठवडाभर चर्चा करतो आणि पुढच्या सुटीचे तिकीट काढतो. त्यात काही गैर नाही, विमानप्रवास आजही रस्त्यावरच्या प्रवासापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. पण ती सुरक्षितता आपोआप आलेली नाही. कुठल्याशा विमानतळावर मध्यरात्री विजेरी घेऊन चाकाखाली वाकून पाहणाऱ्या, आणि काही खटकले तर 'हे विमान जाणार नाही' असे म्हणणाऱ्या माणसामुळे ती आली आहे. असे म्हणण्याची ताकद त्याच्या पाठीशी आहे का, आणि मुळात त्याच्या खुर्चीत कोणी बसले आहे का, हे विचारणे आपले काम आहे. १,०६३ पैकी ५५३ हा आकडा पुढच्या वर्षी किती होतो, तेवढे तरी आपण लक्षात ठेवून आपल्या खासदाराला विचारायला हवे.